गोठ्यामागची पांढरी भिंत

चिखलीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेच्या रक्ताचा कागद माझ्यापुढं सरकवला आणि एका आकड्याखाली पेनानं रेघ ओढली. मी चौथीतून शाळा सोडली, पण आकडे मला कळतात. काट्यावर सोयाबीन चढलं की व्यापाऱ्याच्या आधी माझी नजर आकड्यावर जाते. सात पॉइंट एक.

"चौथ्या महिन्यात साडेनऊ होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू आहेत, तरी खालीच चाललंय. आता सातवा सरत आला. बाळंतपणात रक्त जातंच, मावशी. हिच्या अंगात जायला शिल्लकच नसलं तर?"

वयानं ती बाई माझ्या धाकट्या लेकीएवढी. पण बोलणं असं, की खुर्चीत मागं रेलता येईना.

"बाई, आमच्या घरी दोन म्हशी दुधाच्या हायेत," मी म्हटलं. "तूर, हरभरा, ज्वारी घरची. उंद्रीत कोणालेबी इचारा, किसनरावच्या घरून कोणी उपाशी गेलं का. ही पोरगीच खात नाई. चिमणीवानी टोकरते."

माझी सून पुष्पांजली शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसली होती. आमच्या गावची आशा वर्कर छाया तिच्यामागं उभी होती. तीच आम्हाला दवाखान्यात घेऊन आली होती.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. "पुष्पांजली, वेगळं काही खावंसं वाटतं का गं? खडू, राख, माती?"

पुष्पांजलीनं माझ्याकडं पाहिलं. एवढंच केलं तिनं, नुसतं पाहिलं.

आणि मी बोलून गेले. "माती? माती खायले आमच्या घरचं अन्न सरलं का?"

छाया हसली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुष्पांजलीनं हाताची मूठ वळून पदराखाली घेतली. पण त्याआधी मला दिसलं होतं. अंगठ्याच्या नखात पांढरी रेघ होती. आमच्या भिंतीची.

"सोमवारी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू करू. पण हे कमी का होतंय ते कळायला पाहिजे. नाहीतर इकडून भरायचं आणि तिकडून गळायचं. सोमवारी रक्त पुन्हा तपासते. सातच्या खाली आलं तर बुलढाण्याला भरती करावं लागेल, रक्ताच्या पिशव्या लावायला."

तो शुक्रवार होता.

काळीपिवळी जीपमध्ये मी खिडकीशी बसले. एरवी मी जीपमध्ये बसले की ड्रायव्हरपासून मागच्या बाईपर्यंत सगळ्यांचा समाचार घेते. त्या दिवशी तोंडाला कुलूप. अमडापूर मागं पडलं. छाया म्हणाली, "काकू, तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "तू आपल्या गोळ्या मोज." पुष्पांजली डोळे मिटून बसली होती. ओठांवर रंग नव्हता. हे मला आजच कसं दिसलं, की आजवर मी पाहिलंच नव्हतं?

आता खरं काय ते सांगते.

आमच्या गोठ्यामागं जुन्या पांढऱ्या मातीची भिंत आहे. पुष्पांजलीला चौथा महिना लागला तेव्हा मी एकदा तिथं गुरांच्या पायाखाली पाणी मारत होते. थोडं भिंतीवर उडालं. ती दारात उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, ह्या वासानं माह्या तोंडाले पाणी सुटलं." मला इतका आनंद झाला, की हातातली बादली तशीच ठेवली. मातीचे डोहाळे लागले की पोटात जमिनीचा मालक आहे, असं आमच्याकडं समजतात. भागवतच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या वेळी मलाही हेच लागले होते, आणि भागवत आज सोळा एकर वाहतो.

मी सुरीनं भिंतीचा पापुद्रा काढला, खडे निवडले, तव्यावर भाजला आणि त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून स्टीलच्या डब्यात भरले. रोज दुपारी दोन तुकडे मीच तिच्या हातावर ठेवायची. दोनाचे चार झाले, चाराचे मूठभर. ती जेवायची कमी, आणि मी म्हणायची, डोहाळे आहेत, चालायचंच. गावात सांगायला मात्र कमी केलं नाही. दळणाच्या गिरणीत, नळावर, धाडच्या बाजाराला गेले तर तिथंही. आमच्या सुनेला मातीचे डोहाळे आहेत म्हणून. छायाच्याही कानावर गेलं होतं, पण माझ्यापुढं ती तोंड उघडणार नाही हे मला माहीत होतं.

आणि मग एका पोरसवदा बाईनं सरळ विचारलं तर मी नाही म्हटलं. का? कारण तिनं ते खडू आणि राखेच्या ओळीत बसवलं. आमच्या घरचं कौतुक तिनं रोगाच्या यादीत टाकलं. ते मला सहन झालं नाही.

घरी आल्यावर बूड टेकवेना. चुलीपाशी गेले, उठले. माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या पाहायला जिना चढले, तर मध्येच दम लागला म्हणून भिंतीला धरून उभी राहिले. खाली आले तर कशाला वर गेले होते ते आठवेना. आमचे हे, किसनराव, ओसरीत बसून मोबाईलवर भाव पाहत होते. "काऊन फिरून राह्यली घाण्यावानी?" म्हणाले. "काय म्हटलं डॉक्टरनं?"

"रक्त कमी हाय म्हने."

"मंग बीट खाऊ घाला. टीव्हीवर सांगतात."

भागवत संध्याकाळी बीट, खजूर, डाळिंबं घेऊन आला. त्याला वाटलं काम झालं. मला माहीत होतं, झालं नाही.

कारण मला रुक्मिणीबाई आठवत होती. ही माझी मोठी जाऊ. चाळीसेक वर्षं झाली असतील. आम्ही दोघी तेव्हा नव्या. सासूची पाठ फिरली की दोघी गोठ्यामागं पळायचो आणि हेअरपिनीनं तीच भिंत खरवडायचो. ती भाजायची नाही, कच्चीच खायची. म्हणायची, "सत्यभामे, कच्चीची मजा वेगळी." आठव्या महिन्यात तिला कळा सुरू झाल्या. पोर झालं ते रडलं नाही, आणि तिचं रक्त थांबलं नाही. बैलगाडीत घालून चिखलीला नेत होते. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचे ओठ त्या भिंतीच्या रंगाचे झाले होते. चिखली आलीच नाही.

सासूबाई म्हणाल्या, विहिरीवर तिन्हीसांजेला गेली होती, बाहेरचं लागलं. मी मान्य केलं. चाळीस वर्षं मान्य केलं. आणि आज डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि माती एका दमात उच्चारले, तेव्हापासून मला तो बैलगाडीचा आवाज येत होता.

शनिवारी सकाळी मी पहिलं काम काय केलं असेल, तर डबा उचलून गव्हाच्या कोठीत खोल पुरला. मनात म्हटलं, आता बंद. डॉक्टरला काही सांगायची गरज नाही. बंद केलं की रक्त आपोआप चढेल, आणि माझा शब्दही राहील.

दुपारी पुष्पांजली दिसेना. भांडी तशीच पडलेली, टीव्ही चालू. मी गोठ्यामागं गेले. ती भिंतीशी उकिडवी बसली होती, सात महिन्यांचं पोट घेऊन, आणि हेअरपिनीनं खरवडत होती.

मी हेअरपीन हिसकावली. 

"सोड ते. काही लाज हाय का नाई?"

ती उठली नाही. तोंड पुसलं. "डबा कुठी ठेवला, आत्याबाई?"

"फेकला."

"नाई फेकला. तुमच्यानं फेकणंच होत नाई."

ही पोरगी तीन वर्षं माझ्या घरात आहे. इतकं लांब वाक्य तिनं माझ्या तोंडावर पहिल्यांदा टाकलं.

"काय म्हटलं?"

"तुमीबी खाता. मले माहीत हाय. मी माहेरी गेलती तवाबी डबा अर्धा झालता. मामाजी तर खात नसतील."

मी हेअरपीन पदराच्या गाठीत बांधली. खरंच होतं ते. भागवतच्या वेळचे डोहाळे संपले, पण माझं खाणं संपलं नाही. कोणी तंबाखू मळतं, कोणी मिश्री लावतं. मी दुपारी पडल्या पडल्या एक तुकडा गालात धरते. घरात कोणाला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं.

"मंग तू दवाखान्यात काऊन नाई बोलली?" मी विचारलं. "तुले तर तोंड हाय, आज समजलं."

"तुमी नाई म्हटलं. मी हाव कशी म्हनू? चार लोकांत तुमाले खोटं पाडू?" ती भिंतीला धरून उठायला लागली. "गोळी खाल्ली की तुमी वरून चहा देता, त्यानं मळमळते. जेवाले बसते तवा सगळ्यांचं झालेलं असते. भूकच नसते. मातीनं पोट भरते. मले भेव वाटते, आत्याबाई. पन भिंतीवर पाणी पडलं का पाय इकडंच येतात."

मी तिला हात दिला. तिचा तळहात गार होता आणि आतून पांढरा.

रविवारी सातव्या महिन्याचा कार्यक्रम होता. आधीच ठरलेला, बोलावणी गेलेली. टाळता आला नाही. अंगणात सतरंज्या घातल्या. पुष्पांजलीला हिरवं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या. बाया ओटी भरत होत्या, चेष्टा चालली होती. मी एका जागी थांबत नव्हते. साखरेच्या डब्यासाठी आत, आतून बाहेर, पुन्हा आत. उद्या सोमवार. उद्या बाई पुन्हा विचारेल. डबा पुरला तरी भिंत उभीच आहे. ती मी कुठल्या कोठीत पुरू?

एवढ्यात शेजारची वच्छलाबाई पुढं आली. माझ्याच वयाची. आम्ही एकाच साली या गावात नांदायला आलो. तिनं ओटी भरली आणि मग पदराची गाठ सोडली. आत पांढऱ्या मातीचा चांगला पेढ्याएवढा गोळा होता. धूप दाखवलेला, गुळचट वासाचा.

"माह्या माहेरच्या गढीची हाय," ती कौतुकानं म्हणाली. "खास आणली. तुह्या सासूनं साऱ्या गावाले सांगितलं ना, जमीनदार येऊन राह्यला म्हून. घे व पोरी, पुरव डोहाळे."

बाया हसल्या. पुष्पांजलीचा हात पुढं आला. तिनं आणला नाही, तो आपोआप आला. बोटं उघडली होती. मी ते पाहिलं आणि मला त्या हातात दुसरीच बोटं दिसली.

मी मध्ये गेले आणि गोळा वच्छलाच्या हातातून उचलला.

"काय झालं व?" वच्छला म्हणाली. "इख हाय का ते?"

"वच्छले, रुक्मिणी आठवते का तुले?"

"आठवते ना. काऊन?"

"ती काय खात होती, आठवते?"

वच्छलाबाईनं गोठ्याकडं पाहिलं. तिला आठवलं होतं. तीही कधीकधी आमच्या त्या गोठ्यामागं यायची.

मागून कोणीतरी म्हणालं, "पन तुमीच तर सांगत होत्या, बाई. चार महिने झाले, नळावर दुसरी गोष्ट नव्हती."

"हाव, मीच सांगत होती," मी म्हटलं. "चुकलं माह्यं."

 हा शब्द माझ्या तोंडून त्या अंगणात कोणी ऐकलेला नव्हता. मीही नाही. किसनराव ओसरीतून मान लांब करून पाहायला लागले, की ही कोण बाई बोलून राहिली आपल्या घरात.

"पोरीच्या अंगात रक्त उरलं नाई," मी म्हटलं. "सात हाय. मी तिले हातानं माती चारली आन् दवाखान्यात नाई म्हून सांगून आली. आता जेवा सगळ्या. अन् पुष्पाले पयले वाढा."

गोळा मी उकिरड्यावर टाकला. वच्छलाबाई रुसून अर्ध्या जेवणावरून उठली. जाऊ द्या. तिची माझी भांडणं चाळीस वर्षं चालू आहेत, हे एक आणखी.

सोमवारी पहिल्या जीपनं निघालो. छाया स्टॅंडवर आली तेव्हा आम्ही आधीच बसलेलो. दवाखान्यात रांग होती. मी रांगेत उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उठले. एक बाई म्हणाली, "मावशी, एका जाग्यावर राहा ना, लेकरू जागं होते." मी तिला नेहमीसारखं उत्तर दिलं नाही. उत्तरं मी आतल्यासाठी राखून ठेवली होती.

पण आत गेल्यावर एकही सापडलं नाही. मी म्हटलं, "बाई, शुक्रवारी मी खोटं बोलली. ही माती खाते. मीच देत होती."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती?"

पुष्पांजलीनं ओंजळ करून दाखवली. "इतली. रोज."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "रक्त कमी झालं की काही बायकांना मातीची ओढ लागते. आणि ती माती पोटात जाऊन जेवणातलं, गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे रक्त आणखी कमी, ओढ आणखी जास्त. शिवाय जंत होतात ते वेगळेच." त्यांनी पुष्पांजलीकडं पाहिलं. "यात तुझा दोष नाही. पण आता थांबवायचं. गोळी चहासोबत घेतेस?"

"मी देत होती वरून चहा," मी म्हटलं. आता एक सांगितलं तर सगळंच सांगावं.

"चहा गोळीच्या आधी नको, नंतर तासदोन तास नको. लिंबाच्या पाण्यासोबत द्या."

त्या बोलत होत्या, आणि बोलता बोलता माझ्याकडं पाहायला लागल्या. जवळ येऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली.

"मावशी, जिना चढताना दम लागतो?"

"वय झालं आता."

"तुम्हीपण खाता?"

पुष्पांजली छताकडं पाहायला लागली. माझं नाव तिनं सांगितलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"हाव," मी म्हटलं. "चाळीस वर्षं."

माझ्या बोटाला टोचलं. आठ पॉइंट चार. पुष्पांजलीचं सात. शुक्रवारपेक्षा एका ठिपक्यानं खाली. छायानं तोंडाला पदर लावला. "हास," मी म्हटलं. "हासून घे. मंग मलेबी दे तुह्या लाल गोळ्या."

जंताच्या गोळ्या झाल्या. इंजेक्शनं सुरू झाली. एका दिवसाआड चिखली, पाच वेळा. सलाईनची बाटली टपटप गळायची आणि मी खाटेशेजारी बसून थेंब पाहायची. एक थेंब उशिरा पडला तरी नर्सला हाक मारायची. ती म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा." मी बसले नाही.

घरी जेवणाची पद्धत बदलली. पुष्पांजली आता किसनराव आणि भागवतसोबत पहिल्या पंगतीत बसते. किसनरावांना अवघडल्यासारखं झालं, ते भिंतीकडं तोंड करून जेवले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "पोरीले मेथी वाढ ना अजून." सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी भाकरी, वरण आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वर लिंबू. शेंगदाणे आणि गूळ हाताशी. पाला मी स्वतः शेतातून खुडून आणते, दम लागला तर बांधावर बसते. गोळी आम्ही दोघी एकाच वेळी घेतो, समोरासमोर, म्हणजे कोणी लबाडी करायला नको. ती माझ्याकडं पाहते, मी तिच्याकडं.

ओढ काही लगेच जात नाही. किसनराव अंगणात सडा मारतात तेव्हा त्या ओल्या वासानं दोघींच्या तोंडाला पाणी सुटतं. अशा वेळी ती लवंग चावते, मी ओवा.

मी गवंडी बोलावून गोठ्यामागची भिंत सिमेंटनं लिंपून घेतली. किसनराव म्हणाले, "ढोरांसाठी काऊन पक्की भिंत?" मी म्हटलं, "ढोरांसाठी नाई." पुढं त्यांनी विचारलं नाही. गव्हाच्या कोठीतला डबा मी काढला, भागवतच्या देखत नाल्यात उलटा केला, आणि घासून त्यात शेंगदाणे भरले.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं. कागद येईपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या, ते तिथल्या कुत्र्यालाही मोजता आलं नसतं. नऊ पॉइंट तीन.

पुष्पांजलीनं पहिल्यांदा हसून मला विचारलं, "अन् तुमचं, आत्याबाई?"

"नऊ. गप बस."

"म्हंजे म्या मागं टाकलं तुमाले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे, पण दहाच्या वर न्यायचं, अजून महिना आहे, बाळंतपण दवाखान्यातच करायचं, आणि मधे सोडायचं नाही. छान हा शब्द मी ऐकला. पण 'छान' त्या आधी म्हणाल्या आणि 'पण' नंतर म्हणाल्या. मला रात्रंदिवस तो 'पण'च ऐकू येतो. तारीख पुढच्या महिन्याच्या वीसची आहे. भागवतनं जीपवाल्याचा नंबर भिंतीवर कोळशानं मोठा लिहून ठेवलाय. मी तो दिवसातून दोनदा वाचते.

एक गोष्ट राहिली. गवंड्यानं गव्हाणीच्या मागं वीतभर भिंत लिंपायची सोडली. हात पोचला नसेल त्याचा. ती जागा मला दिसली. मी पुष्पांजलीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तीही त्या बाजूनं वळून पाहताना मला दिसली. तिनंही मला सांगितलं नाही.

गवंडी पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर मी माझी बाज उचलून गव्हाणीच्या मागं नेली आहे. दुपारी तिथंच पडते, भिंतीकडं पाठ करून, गालात ओवा धरून. म्हशी माझ्याकडं पाहतात. पुष्पांजली येते, बाजेच्या कडेवर बसते, शेंगदाण्याचा डबा मध्ये ठेवते. आम्ही दोघी शेंगदाणे खातो आणि पाठीमागं वळून पाहत नाही.